फोटोत दिसतं ते सगळं

१

वस्तू कितीही जुनी असो, फोटो काढण्याआधी तिचं तोंड धुतलं पाहिजे, असं ती म्हणायची. मग ती इस्त्री असो, सायकल असो नाहीतर कुणाच्या पोराची टाकून दिलेली ढकलगाडी. ओल्या फडक्याने पुसायचं, उजेडात ठेवायचं, चारी बाजूंनी फोटो काढायचे. ओरखडा असेल तर ओरखड्याचा वेगळा फोटो. मग खोक्यात भरतानाचा व्हिडिओ: वस्तू, खोकं, चिकटपट्टी, सगळं एका दमात, मध्ये न थांबता. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. घरात ती आणि सासूबाई, दोघीच. इमारतीतल्या लोकांचं अडगळीत पडलेलं सामान ऑनलाइन विकून द्यायचं, त्यातला आपला वाटा घ्यायचा, हा तिचा घरबसल्या धंदा बरा चालला होता.

लबाड गिऱ्हाइकं मात्र पैशाला पासरी. कुणी म्हणायचा, चुकून जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा. बँकेत बघावं तर छदामही आलेला नसायचा. कुणी पैसे पाठवतो म्हणून कोड पाठवायचा. कोड पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही, हे तिने एकाला इतक्या गोड शब्दांत समजावलं की त्यानेच तिला ब्लॉक केलं. एकदा मात्र तिचे हात चांगलेच पोळले होते. एकाने कॅमेरा नेला, भिंग आलंच नाही म्हणून तक्रार केली, पैसेही परत घेतले आणि कॅमेराही ठेवला. काय काय मिळेल हे तिने जाहिरातीत नीट लिहिलंच नव्हतं, त्यामुळे तोच खरा ठरला. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जाहिरातीखाली तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं:

'फोटोत दिसतं ते सगळं मिळेल. त्याहून कमी नाही, त्याहून जास्त नाही.'

"फौजदार आहेस अगदी," सासूबाई हसून म्हणाल्या होत्या. त्या नावाने मग सगळी इमारतच तिला हाक मारायला लागली. तिलाही ते आवडायचं.

२

बाहेरच्या खोलीतला उभा दिवा खरं तर सासूबाईंचाच. त्यांच्या खुर्चीशेजारी तो वर्षानुवर्षं उभा होता आणि त्याच्या जड बुडाला ठेचकाळून त्यांची करंगळी दोनदा सुजली होती. शेवटी तिने त्यांना खुर्चीला अडकवायचा एक छोटा दिवा आणून दिला आणि जुना विकायला काढला.

"जरा उठता का, आई? फोटो काढायचाय."

"मी काय दिव्याला धरून बसलेय? काढ की असाच." सासूबाईंच्या सुया चालूच होत्या. त्या मुलासाठी मफलर विणत होत्या. मुलगा असायचा उकाड्याच्या समुद्रात आणि मफलर एकदाही गळ्यात घालायचा नाही, पण त्यामुळे त्यांचं विणणं थांबत नव्हतं.

तिने मग तसाच फोटो काढला. दिवा मधोमध. त्याच्या पायाशी तिवई. मागे निळा पडदा. उजव्या कडेला सासूबाईंच्या खुर्चीचा एक हात, आणि खुर्चीच्या त्या हातावर सासूबाईंचा हात, बोटांत सुई धरलेला. बाकीच्या सासूबाई चौकटीबाहेर राहिल्या.

दिवा तासाभरात गेला. गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही, हेच तिला आधी खटकलं. जुनी वस्तू घेताना घासाघीस न करणारा माणूस तिने पाहिला नव्हता. नावाच्या जागी नुसतं 'ग्राहक' असं लिहिलेलं. पण पैसे आले होते, बँकेत खरोखर आले होते. तिने व्हिडिओ काढत दिवा बांधला आणि पाठवून दिला.

पोचल्याच्या दिवशी निरोप आला. 'दिवा मिळाला. छान आहे. बाकीचं कधी पाठवताय?'

'बाकीचं म्हणजे?' तिने विचारलं.

'फोटोत दिसतं ते सगळं. काही हातचं राखून तर ठेवलं नाहीत ना?'

सोबत पुरावा म्हणून एक फोटो होता. एका रिकाम्या खोलीत तिचा दिवा पेटलेला. बाकी नुसती जमीन आणि भिंत. भिंतीला खिडकी नाही, खिळा नाही, कॅलेंडर टांगलेल्याची खूणसुद्धा नाही.

"बघा आई, काय एकेक नमुने असतात," ती म्हणाली. "दिव्याच्या पैशात घर हवंय याला."

"देऊन टाक. निदान जिने तरी चढायला नकोत," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

तिने कडक उत्तर लिहिलं. विक्री दिव्याची आहे, माझ्याकडे व्हिडिओ आहे, यापुढे त्रास दिलात तर तक्रार करीन. पलीकडून एवढंच आलं: 'ठीक आहे. माणूस पाठवतो.'

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्याशी भांडी विसळत होती तेव्हा बाहेरच्या खोलीतून आवाज आला. चर्र्र. मग थोडं थांबून पुन्हा, चर्र्र. चिकटपट्टी ओढण्याचा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. तिला वाटलं, सासूबाई काहीतरी बांधताहेत.

हात पुसत ती बाहेर आली. सासूबाई विणत होत्या. दिव्याची जागा रिकामी होतीच, आता तिच्या शेजारची तिवईही नव्हती. जमिनीवर तीन पायांचे तीन फिकट ठिपके तेवढे होते.

"तिवई कुठेय?"

"तो घेऊन गेला ना आत्ता. पार्सलवाला."

"कोण पार्सलवाला? दार कुणी उघडलं?"

"मला काय माहीत? मला वाटलं तूच उघडलंस." सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना जवळचं दिसायचं, लांबचं सगळं धुकं. "सभ्य होता गं. माझ्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, तुम्ही बसा, तुमचं नंतर."

तिने दार तपासलं. आतून कडी होती. तिने ती स्वतःच सकाळी लावली होती आणि अजून तशीच होती. तरी तिने माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. आपल्याच घरात वाकून वाकून बघताना तिला स्वतःचाच राग आला. हे चोरांचं काम आहे, ती स्वतःला समजावत होती. दिवा पाठवताना पत्ता त्यांना कळला. एखादी टोळी असेल, किल्ल्या करत असतील. पण चोर तिवई कशाला नेईल? समोर नवाकोरा टीव्ही असताना? आणि आतली कडी कुठल्या किल्लीने लागते?

फोन वाजला. 'तिवई मिळाली. धन्यवाद.' फोटोत दिवा होता, दिव्याच्या पायाशी तिवई होती. तिच्यावर सासूबाईंचा चहाचा कप तसाच होता, तळाला घोटभर चहा राहिलेला.

तिने फोन पालथा ठेवला. सासूबाईंना तिने काही सांगितलं नाही.

४

ती फौजदार होती, रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने जाहिरात काढून टाकली. कुलूपवाल्याला बोलावून नवं कुलूप बसवलं, वर एक अडसर. नवऱ्याला फोन लावला, पण जहाजाला रेंज नव्हती. मग तिने तिच्या पद्धतीने पुरावा जमवायचं ठरवलं. जुना फोन कपाटावर टेकवला, सगळी खोली दिसेल असा, आणि व्हिडिओ सुरू केला. एका दमात, मध्ये न थांबता. सासूबाईंना घेऊन ती आतल्या खोलीत बसली. मोठ्या आवाजात त्यांच्याशी पत्ते खेळली आणि सारखी हरली.

"लक्ष कुठेय तुझं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पत्ते खाली ठेवले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिची आई ती लहान असताना गेली होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच तापात या हाताने रात्रभर तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या होत्या. तेव्हापासून तिला हा हात नवऱ्याहूनही जवळचा होता, आणि हे ती नवऱ्याला तोंडावर सांगायची.

बाहेर चर्र्र झालं.

ती धावत गेली. खोलीत कुणी नव्हतं. कुलूप जागेवर, अडसर जागेवर. निळा पडदा गेला होता. पडद्यामागचं बाल्कनीचं मोठं काचेचं दार उघडंबोडकं पडलं होतं. पलीकडे शेजारच्या इमारतीची काळवंडलेली भिंत इतकी जवळ होती की या खोलीत दिवसाही ट्यूब लावावी लागायची.

तिने कपाटावरून फोन उतरवला. व्हिडिओत खोली होती, पडदा होता, आतून तिचाच पत्ते खेळतानाचा आवाज येत होता. बराच वेळ काही घडलं नाही. मग चित्राच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी तपकिरी आत सरकायला लागलं. सगळी खोली मधल्या एका उभ्या फटीएवढी उरली. तिला कळेना हे काय. मग कळलं. रोज ती हे वरून बघायची. खोक्याची झाकणं मिटताना आतून अशी दिसत असणार. फट बंद झाली आणि अंधारावरून पट्टी ओढल्याचा आवाज आला.

निरोप आलेलाच होता. त्यातल्या फोटोत निळा पडदा त्या बिनखिडकीच्या भिंतीवर नीट चुण्या पाडून टांगला होता. खाली लिहिलं होतं: 'आता फक्त हात राहिला.'

तिने तो शब्द पुन्हा वाचला. मग तिच्या मनाने एक आधार शोधला. हात म्हणजे खुर्चीचा हात. खुर्चीलाही हात असतातच की. खुर्चीचा हात काय, सबंध खुर्ची घेऊन जा म्हणावं. तिने घाईघाईने लिहिलं, 'कुठला हात? खुर्चीचा?'

'दोन्ही,' उत्तर आलं.

५

"तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं बरंच ऐकून झाल्यावर विक्रीच्या ॲपवाल्यांची मुलगी एकदाची बोलायला आली. आवाज गोड आणि कंटाळलेला.

"मॅडम, ग्राहकाने पुरावा जोडलाय. वस्तू अपूर्ण मिळाली."

"त्याने दिवा विकत घेतलाय. दिवा मिळालाय."

"पण वर्णनात लिहिलंय, फोटोत दिसतं ते सगळं मिळेल. हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच लिहिलंय. लबाड लोकांसाठी लिहिलंय. अहो, ते वाक्य माझ्या संरक्षणासाठी होतं!"

"हो मॅडम. पण ग्राहक लबाडी करत नाहीये. तो दिलेलंच मागतोय."

"मग पैसे परत करते. सगळे. दुप्पट करते." आयुष्यात पहिल्यांदा ती आपण होऊन पैसे परत करत होती.

"ग्राहकाला पैसे नकोत, मॅडम. वस्तू हवी आहे." पलीकडे कळफलक बडवल्याचा आवाज झाला. "एक करता येईल. तुम्ही नवा फोटो टाका. ग्राहकाला तो मान्य झाला तर जुन्या फोटोवरची तक्रार आपोआप रद्द होते. मग नव्यात जे असेल तेवढंच तुम्ही द्यायचं."

ती आणखी काही विचारणार तेवढ्यात तिला तो आवाज आला. या वेळी तो दबलेला होता, अंगाजवळ ओढल्यासारखा. बाहेरच्या खोलीतून. आणि सासूबाई पलंगावर नव्हत्या.

ती कशी पोचली तिला कळलं नाही. सासूबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर मफलर, उजवा हात खुर्चीच्या हातावर. त्यांच्या मनगटाला, बांगडीच्या वर, तपकिरी पट्टीचा एक वेढा बसला होता. पट्टी खुर्चीच्या हाताखालून गेली होती आणि तिचं दुसरं टोक हवेत लोंबत होतं, नुकतंच सोडल्यासारखं हलत होतं.

"विणायला आले तर हे काय गं लावलंस मला?" सासूबाई वैतागून म्हणाल्या. "आणि किती गार हात तुझे."

तिने पट्टी नखांनी, दातांनी सोडवली. पट्टीबरोबर मनगटावरची लव निघाली तेव्हा सासूबाई ओरडल्या. तिने त्यांना जवळजवळ उचलूनच आत नेलं. शेजाऱ्यांकडे न्यावं, टॅक्सीने कुठेतरी लांब न्यावं, असं ती मनाशी म्हणतेय तोवर फोनवर अक्षरं उमटली. 'वस्तू हलवली तरी चालेल. माणूस तिकडे येईल.'

"कोण आहे गं? कुणाला एवढी घाबरलीस?" आता सासूबाईंचा आवाजही बारीक झाला होता.

"एक गिऱ्हाईक आहे, आई. त्याच्याशी मिटवते मी. तुम्ही इथून हलू नका. माझी शपथ आहे."

६

आता तिला काय करायचं ते ठाऊक होतं, आणि काम हातात आलं की तिची भीती कमी व्हायची. सबंध खुर्ची द्यायची. उशी, शाल, छोटा दिवा, सगळं. माणूस नाही. माणसाचं काही नाही. तिने खुर्चीवरचा मफलर उचलला, त्यातून सासूबाईंचा एक पांढरा केस खाली पडला तोही उचलला. खुर्ची पुसली. सवयीने पायही पुसले.

मग ती मागे सरकली, भिंतीला पाठ लागेपर्यंत, सबंध खुर्ची चौकटीत यावी म्हणून. कडा, ती स्वतःला बजावत होती. घात कडेने झाला होता. डावी कड बघ. उजवी कड बघ. कुणाचं बोट नाही, चपलेचं टोक नाही, पदराचा काठ नाही. बाहेर मळभ होतं, वर ट्यूब जळत होती, आणि खुर्चीमागच्या काचेच्या दारापलीकडे ती काळी भिंत होती. तिने फोटो काढला. डोळ्यांत तेल घालून चारी कडा पुन्हा तपासल्या. खालचं ते वाक्य तिने खोडून पाहिलं, पण त्याशिवाय जाहिरात पुढे सरकेना. ते तिच्याच ठरलेल्या मजकुरात होतं.

उत्तर लगेच आलं. 'नवा फोटो मान्य. जुनी तक्रार मागे घेतली.'

तिचा जीव भांड्यात पडला. ती आत धावली आणि सासूबाईंच्या गळ्यात पडली, लहान पोरीसारखी रडली, हसली. त्यांचा तो हात तिने दोन्ही हातांत धरला, लाल झालेलं मनगट गालाला लावलं. हा हात राहिला. जगात दुसरं काही गेलं तरी तिची तक्रार नव्हती.

"झालं, आई. मिटलं. खुर्चीवर भागलं."

"माझी खुर्ची विकलीस?"

"नवी आणू. याहून मऊ."

"बघू तरी कसला फोटो काढलास माझ्या खुर्चीचा." सासूबाईंनी फोन घेतला, चष्मा सारखा केला आणि स्क्रीन नाकाशी धरली. हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं. "अगं, खुर्ची राहू दे, तूच किती छान आलीयेस यात!"

"मी?"

"ही काय, मागच्या काचेत. फोन धरून उभी आहेस. डोक्यापासून पायापर्यंत अख्खी. तुझा असा फोटो कधी येत नाही बघ. सगळ्यांचे काढतेस, तू कधी नसतेस."

तिने फोन घेतला नाही. तो सासूबाईंच्या हातातच थरथरला, आणि आलेला निरोप त्यांनी डोळे बारीक करून एकेक शब्द लावत वाचून दाखवला. "'या वेळी... काहीच अर्धवट नाही. आभारी आहे.' बघ, चांगला आहे की माणूस. उगीच घाबरलीस."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी मोठं खोकं उलगडत होतं. पुठ्ठ्याचा आवाज बराच वेळ चालला. घरात तेवढं मोठं खोकं नव्हतं.

ती उठली. दाराला आतून कडी लावून इथेच बसावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण आतल्या कड्यांचं काय होतं ते तिने पाहिलं होतं, आणि सासूबाई दाराच्या सरळ समोर बसल्या होत्या. त्यांना लांबचं दिसत नसलं तरी इतकं जवळचं दिसलं असतं. तिने पलंगावरची चादर त्यांच्या गुडघ्यांवर नीट पसरली. मफलर आणि सुया त्यांच्या हातात दिल्या.

"बाहेर कोण आलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"पार्सलवाला. त्याचं सामान देऊन टाकते. तुम्ही विणा, आई. मी हाक मारली तरी उठू नका."

"बरं. पण लवकर आटप. मला एकटीला करमत नाही."

बाहेर चिकटपट्टीचं पहिलं टोक सुटलं. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि मागे वळून पाहिलं. सासूबाईंनी टाके मोजायला सुरुवातही केली होती.

"येते हं, आई," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं.